धरणाच्या काठावर गारगोट्या शोधताना: आधी काठ पारखा, मग दगड उचला

एप्रिल उजाडला, उजनीचं पाणी उतरायला लागलं, की माझ्या व्हॉट्सॲपवर दगडांचे फोटो सुरू होतात. बहुतेक फोटोंत दगड ओला असतो, तळहातावर धरलेला असतो आणि खाली एकच प्रश्न: "हा कुठला?" कुठे सापडला असं विचारलं तर उत्तर येतं, "धरणावर." आता उजनीचा फुगवटा सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत पसरलाय. त्यातून काय कळणार?

घोळ होतो तो क्रमाचा. लोक काठावर पोचतात, चमकेल ते उचलतात, पोतंभर घरी आणतात, धुतात, आणि मग विचार करायला बसतात. तोवर दगड कुठल्या थरातला, कशाशेजारी पडलेला, हे सगळं हातचं गेलेलं असतं. म्हणून खाली टप्पे दिलेत ते त्याच क्रमाने घ्या. उदाहरणं उजनीच्या फुगवट्याची आहेत, पण काळ्या पाषाणाच्या प्रदेशातल्या कुठल्याही धरणाला किंवा पाझर तलावाला बरीचशी लागू पडतील.

## टप्पा १: जागा ठरवा आणि परवानगीचं बघा

पहिली चाळणी सोपी आहे. अभयारण्य असेल तर जायचं ते बघायला, उचलायला नाही. पैठणचा नाथसागर, नांदूर मधमेश्वर, कोयनेचा शिवसागर, तानसा आणि लोणार ही नावं यादीतून आधीच खोडा. लोणारचं सरोवर उल्केच्या आघाताने झालेलं, अभयारण्य म्हणून राखलेलं, २०२० पासून रामसर स्थळ म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागाही. तिथला खडाही खिशात घालायचा नाही. "एवढासा तर आहे" हे तिथे येणारा प्रत्येकजण म्हणतो.

दुसरी गोष्ट, जमिनीतलं खनिज सरकारचं असतं. अकीक (ॲगेट), कॅल्साइट, जास्पर ही नावं केंद्राने २०१५ साली गौण खनिजांत घातली. क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीही, तेव्हा त्यातच होती, पण २०२५ साली ती मुख्य खनिजांत गेली. खणणं, फोडणं, गाडी भरून नेणं, विकणं यातलं काहीही परवान्याशिवाय करायचं नाही. मी इथे लिहितोय ते वर पडलेले चार सुटे खडे अभ्यासासाठी उचलण्याबद्दल. तेही जलसंपदा विभागाच्या स्थानिक कार्यालयात किंवा गावात विचारून.

तिसरी गोष्ट शहरातल्यांना माहीत नसते. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन बेवारस नसते. तिच्यावर गाळपेर असतो. कलिंगड, काकडी, चारा, काय काय लावलेलं असतं. बांध दिसला नाही तरी रोप दिसलं की बाजूने जा, आणि शेतकरी दिसला तर आधी रामराम घाला. तोच पुढे सांगेल की पाण्यात घुसलेल्या कुठल्या सोंडेवर गारगोट्या जास्त आहेत.

तपासा: धरणाची भिंत, सांडवा आणि भिंतीवर पाण्याच्या अंगाला लावलेली दगडी पिचिंग यांच्या जवळ जायचं नाही. पिचिंगचा दगड खाणीतून फोडून आणलेला असतो, त्याचा त्या काठाशी संबंध नसतो. तो काढल्याने भिंतीची खराबी होते ती वेगळीच.

## टप्पा २: पातळी आणि वेळ

धरणांचा पाणीसाठा जलसंपदा विभाग रोज जाहीर करतो, वर्तमानपत्रांतही येतो. उजनीचा मृतसाठाच सुमारे ६३ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, त्यामुळे उपयुक्त साठा संपला की लोक म्हणतात "उजनी वजामध्ये गेली." आपल्याला हवा तो काळ वजाच्या थोडा आधीचा आणि नंतरचा. तेव्हा जुन्या सोंडा, माळ, पळसदेवचं देऊळ असं सगळं वर येतं.

शक्य असेल तर अवकाळीची एखादी सर पडून गेल्यावर, जमीन सुकली की जा. पावसाने खड्यांवरची धूळ उतरते आणि एरवी मातकट दिसणारा काठ बोलायला लागतो.

वेळ सकाळची. उजाडल्यापासून नऊपर्यंत, फार तर साडेनऊ. याचं एक कारण ऊन. दुसरं कारण टप्पा ५ मध्ये येईल.

सावध: आभाळ भरून आलं की परत फिरा. उघड्या सपाट काठावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता, वीज बघत नाही तुम्ही काय शोधताय ते. आणि धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात शोधायला अजिबात उतरू नका. पाणी कधी सोडतील ते तिथे उभं राहून कळत नाही.

## टप्पा ३: पिशवीत काय असावं

घोट्याच्या वर येणारे बूट, कमरेएवढी काठी, टोपी किंवा उपरणं, माणशी तीन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं. दगडांसाठी दहापट भिंग, लोखंडी खिळा, एका लहान बाटलीत पाणी, जुनी वर्तमानपत्रं, कापडी पिशव्या, मार्कर, वही. एक लिंबू.

हातोडा घरी ठेवा. त्यावरून माझ्याशी खूप जणांनी वाद घातलाय. गारगोटी फोडली की काचेसारख्या धारदार कपच्या उडतात आणि डोळ्यात जातात, हे एक. फोडलेल्या दहांतून नऊ आतून राखाडीच निघतात, हे दुसरं. काठावर आधीच फुटून पडलेले तुकडे इतके असतात की आत काय आहे ते बघायला फोडावं लागत नाही.

पोतं, घमेलं, टोपली यातलं काहीही नको. भांडं मोठं असलं की ते भरतंच. लहान पिशवी घ्या. एका फेरीत दोन किलोच्या वर न्यायचं नाही, हा माझा नियम.

## टप्पा ४: काठ पारखा

हा टप्पा जवळपास सगळे गाळतात आणि सगळ्या फेरीचं यश यावरच असतं. पोचल्यावर लगेच खाली वाकू नका. एखाद्या उंचवट्यावर उभं राहून काठ नीट न्याहाळा.

आधी खडक. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, थिजलेला लाव्हा. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे पाण्यासोबत आलेली खनिजं साचली. विहिरी खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या खडकात या पोकळ्या भरपूर असतात. लांबून तो पांढऱ्या ठिपक्यांचा दिसतो. मांजऱ्या झिजून मुरूम होतो, पण त्यातली गारगोटी फार कठीण, ती झिजत नाही. खडक विरघळल्यासारखा निघून जातो आणि गारगोट्या जागच्या जागी मोकळ्या होऊन पडतात. म्हणून असा ठिपक्यांचा थर कुठे उघडा पडलाय ते शोधा आणि त्याच्या उताराला खालच्या अंगाला जा. एकसंध, टणक काळवत्री असेल तिथे तासभर फिरूनही हाती काही लागणार नाही.

मग काठाचा आकार. पाण्यात घुसलेल्या सोंडांवर लाटांचा मारा बसतो, माती धुऊन जाते आणि खड्यांची फरशी उरते. आत वळलेल्या खाचांत तीच माती जाऊन बसते, तिथे नुसता गाळ. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पाण्याच्या ईशान्य अंगाच्या सोंडा जास्त धुतलेल्या सापडतात. ओढा येऊन मिळतो तिथे पसरलेली खड्यांची जीभही बघण्यासारखी असते, वरच्या डोंगरातला माल तिथे येतो.

सोंडेवर पाणी टप्प्याटप्प्याने उतरल्याच्या आडव्या रेषा दिसतील, पायऱ्यांसारख्या. नवखे लोक थेट पाण्याच्या कडेला जातात. तिथे नुकतंच उघडं पडलेलं, मातीने माखलेलं सगळं असतं. दोन-तीन रेषा वर शोधा.

सावध, गाळ: वरून भेगाळलेला, सुकलेला दिसणारा गाळ आत लोण्यासारखा असतो. काठी टोचा. वीतभर सहज गेली तर पुढे पाऊल टाकू नका. गुरांच्या आणि मच्छीमारांच्या पायवाटेनेच चाला. पाय अडकलाच तर झटका देऊ नका, दुसरा पाय आणखी खोल जातो. मागे बसा, अंग पसरा, पाय हळूहळू हलवून मोकळा करा. बूट राहिला तर राहू द्या.

सावध, विहिरी: धरणात गावं गेलीत, त्यांच्या विहिरीही गेल्या. उघड्या पडलेल्या जमिनीवर गोल, सपाट, आजूबाजूपेक्षा ओलसर चकती दिसली तर ती गाळाने भरलेली विहीर असू शकते. दगडी कड दिसो न दिसो, तिच्यावरून चालायचं नाही. याच कारणासाठी पाण्यात गुडघाभरही उतरू नका.

## टप्पा ५: चाला आणि बघा

सूर्याकडे तोंड करून चाला. हेच सकाळी लवकर जाण्याचं दुसरं कारण. कोवळं ऊन तिरकं असतं, गारगोटीतून आरपार येतं आणि खडा आतून उजळल्यासारखा दिसतो. सूर्य पाठीशी ठेवलात तर तोच खडा मळकट पांढरा दिसेल आणि तुम्ही त्यावरून पाय टाकून जाल. उतारावर वर-खाली करू नका, पाण्याच्या रेषेला समांतर एक पट्टा संपवा, वळा, मग सूर्य मागे येतो म्हणून तो पट्टा नुसता चालत परत या आणि दुसरा घ्या. कंटाळवाणं आहे. पण वेडंवाकडं फिरणाऱ्यापेक्षा जास्त सापडतं.

काय शोधायचं? इथेच मोठी फसगत होते. चांगली अकीक बाहेरून देखणी नसते. साल खरबरीत, खड्डे पडलेली, कधी हिरवट, कधी मातकट. पोकळीत घडल्यामुळे आकार बटाट्यासारखा ओबडधोबड. तिचं रूप दिसतं ते फुटलेल्या कडेला: मेणचट चमक, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी वळणदार फूट, आणि नशीब असेल तर एकात एक गेलेल्या बारीक रेषा. लोक ही सोडतात आणि गुळगुळीत हिरवा खडा उचलतात. तो बिअरच्या बाटलीचा तुकडा असतो. भिंगातून बघा, काचेत गोल बुडबुडे दिसतात.

आता एक गोष्ट जवळून बघा. गारगोटीची एखादी चपटी कपची सापडेल, बोटाच्या पेराएवढी. दोन्ही लांब कडा समांतर, पाठीवरून सरळ गेलेली एक धार, एका टोकाला आतल्या बाजूने किंचित फुगवटा. ही आपोआप फुटलेली गारगोटी नव्हे, माणसाने काढलेलं पातं आहे. भीमा आणि घोड नद्यांच्या खोऱ्यात हजारो वर्षांपूर्वीची वस्ती होती. शिरूरजवळच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातलं अख्खं गाव निघालं. तेव्हा असं पातं, खापराचा तुकडा, घडीव दगड दिसला तर हलवू नका. शेजारी नाणं किंवा खिळा ठेवून फोटो काढा, मोबाइलमधून अक्षांश-रेखांश घ्या आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.

सावध, अंडी: उन्हाळा हा टिटवीच्या विणीचा काळ. तिची अंडी उघड्यावर, खड्यांतच असतात आणि हुबेहूब ठिपक्यांच्या खड्यांसारखी दिसतात. सुरय आणि पाणभिंगरीही अशाच काठावर घरटी करतात. डोक्यावर पक्षी ओरडत घिरट्या घालायला लागला की तिथेच थांबा, पायाखाली बघा आणि आलात त्याच वाटेने मागे फिरा. तो पट्टा त्या दिवसापुरता सोडून द्या. आईबाप उठून गेले की भर उन्हात अंडी उकडतात.

सावध, हात: कुठलाही दगड हाताने उलटायचा नाही. आधी काठीने, आणि आपल्याकडे ओढून, म्हणजे खालचं जनावर पलीकडे निघतं. फुरसं आणि लाल विंचू दोन्ही अशाच दगडांखाली असतात. चावा किंवा दंश झाला तर चिरणं, बांधणं, चोखणं काही करू नका. १०८ ला फोन करा आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठा.

## टप्पा ६: काठावरच चाचणी

खडा हातात आला की पिशवीत टाकायच्या आधी एवढं करा.

१. सुकू द्या. ओला दगड प्रत्येकच सुंदर असतो. पाण्याने खडबडीत पृष्ठभाग गुळगुळीत होतो, रंग गडद दिसतात, आणि घरी सुकल्यावर राखाडी ठोकळा उरतो. ओला खडा असेल तर उन्हात दहा मिनिटं ठेवा. सुका आवडला तरच पुढे.

२. उजेड. मोबाइलचा टॉर्च मागे धरा. गारगोटी आणि अकीक दुधाळ उजळतात. जास्परमधून उजेड येत नाही. कॅल्साइट आरपार असू शकतं, पण त्याचे पृष्ठ सपाट आणि तिरके असतात.

३. खिळा. फुटलेल्या कडेवर खिळा दाबून ओढा. गारगोटीवर चरा पडत नाही, कॅल्साइटवर सहज पडतो. पण करडी रेघ दिसली म्हणून चरा पडला असं समजू नका. ती खिळ्याचंच लोखंड घासून उमटलेली असू शकते. ओलं बोट फिरवा. पुसली गेली तर दगड खिळ्यापेक्षा कठीण, खाच राहिली तर मऊ.

४. लिंबू. खिळ्याने थोडी पूड काढा, त्यावर दोन थेंब लिंबू पिळा आणि भिंगातून बघा. बारीक फेस आला तर कॅल्साइट किंवा चुनखडीचा खडा. पांढरे, ओबडधोबड चुनखडे काळ्या जमिनीत खूप असतात आणि गारगोटी म्हणून पिशव्याच्या पिशव्या भरून घरी येतात.

लोहचुंबकाबद्दल वेगळं सांगतो. दरवर्षी कुणीतरी काळा, जड, चुंबकाला ओढणारा दगड घेऊन "उल्का सापडली" म्हणतो. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात, त्यामुळे आपल्या अंगणातला दगडही चुंबक थोडंफार ओढतो. चुंबकाने इथे उल्का ओळखता येत नाही. दगडात बुडबुड्यांची भोकं असतील तर तो बेसॉल्ट किंवा भट्टीतली धातुमळी, एवढं धरून चाला.

## टप्पा ७: नोंद, तिथेच

घरी जाऊन लिहीन म्हणालात तर लिहिणार नाही. पिशवीत जाणाऱ्या प्रत्येक खड्यासाठी वहीत एक ओळ: क्रमांक, तारीख, गाव आणि कुठला काठ, अक्षांश-रेखांश, पाण्याच्या रेषेपासून किती पावलं, आणि तो कशात होता. मुरमात रुतलेला, खड्यांत सुटा पडलेला, की मांजऱ्यात अजून अर्धा अडकलेला? अर्धा अडकलेला असेल तर उपसू नका, फोटो घ्या. खडकात बसलेल्या गारगोटीचा फोटो सुट्या गारगोटीपेक्षा जास्त सांगतो.

खडा वर्तमानपत्रात गुंडाळा, कागदावर मार्करने तोच क्रमांक टाका.

## टप्पा ८: निवडा, बाकीचं ठेवा

निघायच्या आधी पिशवी रिकामी करा. एकसारख्या पाचांतला एक ठेवा. बाकीचे ज्या सोंडेवरून उचलले तिथेच परत ठेवा, एका ढिगाऱ्यात ओतू नका आणि पाण्यातही भिरकावू नका. तिथे मच्छीमारांची जाळी असतात.

भिगवणच्या बाजूला असाल तर चिलापी मासा खाऊन निघा. हा टप्पा ऐच्छिक.

## टप्पा ९: घरी धुणं

बादलीत साध्या पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी मऊ ब्रशने घासा. गाळाचं पाणी मोरीत ओतू नका, मोरी तुंबते. झाडांना घाला.

त्याआधी मात्र वेगळं काढायचं ते काढा. सुईसारखे, पिसासारखे किंवा चमकदार पापुद्र्यांचे पांढरे स्फटिक दिसले तर ते झिओलाइट असू शकतात. लाटांच्या माऱ्यात ते फारसे टिकत नाहीत, पण ताज्या दरडीखाली मिळतात. त्यांना ब्रश लावला की सुया केसांसारख्या मोडतात. फुंकर घाला, बस.

गारगोटीवरचे गंजाचे डाग जात नसतील तर किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून त्यात दोन दिवस ठेवा, मग साध्या पाण्यात पुन्हा तितकाच वेळ. हे फक्त गारगोटी, अकीक आणि जास्परसाठी. कॅल्साइट त्यात विरघळतं, झिओलाइट खराब होतं. म्हणजे टप्पा ६ नीट केला नसेल तर इथे नुकसान ठरलेलं.

सावध: संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका, आणि कुठलंही ॲसिड ब्लीचसोबत तर कधीच नको, विषारी वायू निघतो. दगड गरम करून गार पाण्यात टाकण्याचे व्हिडिओ फिरतात. अकीक त्याने तडकते. वॉर्निश आणि खोबरेल तेलाच्याही भानगडीत पडू नका. तेलावर धूळ बसते आणि वॉर्निशखाली काय होतं ते नंतर कुणालाच तपासता येत नाही.

## टप्पा १०: क्रमांक आणि जागा

दगडाच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला रंगहीन नेलपॉलिशचा छोटा ठिपका लावा. सुकला की त्यावर बारीक मार्करने वहीतला क्रमांक लिहा, वर पुन्हा एक हात पॉलिश. कागदी चिठ्ठ्या पडतात, झुरळं कुरतडतात, घरातली लहान मुलं अदलाबदल करतात.

शंका राहिलेल्या खड्यांना नाव देऊ नका, वहीत "गारगोटी?" असं प्रश्नचिन्हासकट लिहा. ओळख पक्की करायची तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात आपल्या वहीसकट एक दिवस घालवा. दख्खनच्या पोकळ्यांत काय काय घडतं ते तिथे नाव लावून मांडलंय. भूशास्त्राच्या कुठल्याही प्राध्यापकाला दाखवायचं असेल तर दगड सुका न्या आणि वही आधी उघडा.

ठेवायला अंड्यांचे ट्रे चांगले. जांभळा क्वार्ट्झ मिळाला असेल तर तो खिडकीत ठेवू नका, उन्हाने रंग उडतो.